अंतराळांतील परसूं

कुंडींत घातलेलें पाणी खालीं झिरपतें, यांत आपणांस नवल वाटत नाहीं. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या अंतराळस्थानकांत मात्र वजनच जाणवत नाहीं. तेथें पाणी मुळांना वेढून बसतें, हवा अडवितें आणि रोप गुदमरतें. म्हणून भाजलेल्या चिकणमातीचे कण भरलेल्या उशींत बी पेरतात. कणांमधील फटींतून मुळांस पाणी व हवा दोन्ही मिळतात. अशा उशींत वाढलेलीं लेट्यूसचीं तांबडीं पानें प्रवाशांनीं १० ऑगस्ट २०१५ रोजीं खाल्लीं.

मंगळावर जाऊन येण्यास सुमारें तीन वर्षें लागतील. सांठविलेल्या अन्नांतील ‘क’ जीवनसत्त्व तोंवर बरेंचसें नष्ट होतें, आणि त्यावांचून हिरड्या सुजतात, जखमा भरत नाहींत. पूर्वीचे खलाशी निदान बंदर गांठून फळें घेत. या वाटेवर बंदरच नाहीं.