आरशात नेमकं काय खुपतंय? : वाढत्या वयाचा चेहरा आणि बिनशस्त्रक्रियेचे उपचार

सभागृहात चाळिशी ओलांडलेली मंडळी बरीच दिसताहेत, तेव्हा विषय योग्य ठिकाणी आला आहे म्हणायचा. (हशा)

सुरुवात एका प्रसंगाने करू. आमच्या दवाखान्यात बावन्न वर्षांच्या एक बाई आल्या. लेकीचं लग्न तीन आठवड्यांवर, केळवणं सुरू झालेली. खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, मला बोटॉक्स करायचंय. माझ्या बहिणीनं केलंय, दहा वर्षांनी लहान दिसते." आम्ही त्यांच्या हातात आरसा दिला आणि म्हटलं, ताई, उपचाराचं नाव जरा बाजूला ठेवा. तुम्हाला जिथं खुपतं तिथं बोट ठेवा. त्यांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं. एक, दोन्ही गालांवरचे तपकिरी डाग, आपण ज्याला वांग म्हणतो ते. दुसरं, नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी. आता गंमत बघा. बोटॉक्स यातल्या एकालाही लागू पडत नाही. बहिणीच्या कपाळावर आठ्या होत्या, तिला ते लागू पडलं. यांच्या कपाळावर आठी नव्हतीच.

लोक उपचार निवडायला येतात. खरं तर आधी तक्रार निवडायची असते, आणि ती चेहऱ्याच्या कोणत्या थरातून येते ते शोधायचं असतं. चेहरा म्हणजे नुसती कातडी नव्हे. वर त्वचा, तिच्याखाली चरबीच्या छोट्या छोट्या गाद्या, त्यांना धरून ठेवणारे बंध, मग स्नायू आणि सगळ्यात खाली हाड. वय वाढतं तसे हे सगळे थर बदलतात. हाडसुद्धा झिजतं: डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबड्याचं हाड मागे सरकतं. गालाच्या काही गाद्या वाळतात, काही खाली घसरतात. तंबूचा मधला खांब आखूड झाला की कापड लोंबणारच. ते कापड कितीही इस्त्री केलं तरी खांब उंच होत नाही. नाकाशेजारची ती घडी बहुतेक वेळा अशी, खांबामुळे पडलेली असते.

आता स्नायूंपासून सुरुवात करू, कारण बोटॉक्स तिथलं औषध आहे. बॉट्युलिनम नावाच्या विषाचा हा अगदी सूक्ष्म डोस. मज्जातंतूकडून स्नायूला जो निरोप जातो तो हे औषध अडवतं, स्नायू काही महिने ढिला पडतो, आणि आकुंचनाने पडणारी रेषा पडत नाही. हे सापडलं तेही डोळ्यांच्या दवाखान्यात. 1987 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या सतत मिटण्याच्या विकारावर हे औषध टोचत होत्या. एका रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्या नाहीशा झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. यजमान अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून 1992 मध्ये त्यावर निबंध लिहिला, आणि 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधल्या रेषांसाठी त्याला मान्यता दिली.

तेव्हा हिशेब सरळ आहे. भुवया आक्रसल्यावर, हसल्यावर, कपाळ चढवल्यावर जी रेषा उमटते आणि चेहरा सैल सोडला की जाते, तिथं बोटॉक्स उत्तम. तीन-चार दिवसांत परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो, तीन-चार महिने टिकतो. म्हणजे वर्षातून तीनदा खर्च, हे आधीच धरून चाला. पापणी मुळातच जड असेल तर कपाळात जास्त टोचल्यावर भुवई खाली येते आणि बाई सारखी झोपेतून उठल्यासारखी दिसते. औषध उतरलं की हे जातं, पण तोवर आरसा नकोसा होतो. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर नाही म्हणजे नाही.

आता चरबीच्या गाद्या, म्हणजेच फिलर. इथं आम्ही थोडं जास्त थांबणार आहोत.

आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं फिलर म्हणजे हायल्युरोनिक आम्लाची जेल. हा पदार्थ आपल्या त्वचेतही असतो, पाणी धरून ठेवतो. गाल बसले असतील, डोळ्यांखाली खळगा पडला असेल, तर ती जागा याने भरता येते. कुठं टोचलं आणि कोणती जेल वापरली यावर सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. नाकाशेजारची घडी असेल तर जाणकार डॉक्टर बरेचदा घडीत न टोचता गालात टोचतात. मघाचा तंबूचा खांब आठवा. घडी थेट भरत गेलं की तोंडाभोवतीचा भाग फुगलेला दिसतो आणि लोक विचारतात, "बरं नाही का?"

आता धोका. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर तिथला रक्तपुरवठा तुंबतो. त्वचा पांढरीफटक पडते, दुखतं, मग जांभळट जाळी उमटते, आणि वेळेत उपाय झाला नाही तर तो भाग मरतो. भुवयांच्या मध्ये, नाकावर आणि नाकाच्या बाजूला तर त्या वाहिन्यांचा डोळ्याच्या वाहिनीशी संबंध असतो. जेल उलटी सरकून डोळ्यापर्यंत पोचली तर दृष्टी जाते. हे क्वचित घडतं. पण घडतं, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही, कारण दृष्टिपटलाला रक्ताशिवाय तास-दीड तासापेक्षा जास्त तग धरता येत नाही.

त्वचेचा रक्तपुरवठा तुंबला तर त्यावर उपाय आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम ही जेल विरघळवतं. पण ते त्याच खोलीत, त्याच वेळी हाताशी असावं लागतं. म्हणून फिलर करून घ्यायला जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर, तुमच्याकडे हायल्युरोनिडेज आहे का, आणि ते केव्हा वापरायचं?" समोरची व्यक्ती अडखळली तर पर्स उचला आणि बाहेर पडा. रागावतील म्हणून संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

आमच्या त्या ताईंच्या फोनवर एका पार्लरची जाहिरात होती: लग्नाचं पॅकेज, फिलर आणि ग्लो एकत्र. इंजेक्शन कोण देणार, तर "आमच्या ट्रेन्ड मॅडम." मॅडमचं शिक्षण विचारल्यावर उत्तर नाही. दुसरा प्रकार म्हणजे सुईशिवाय दाबाने जेल आत ढकलणारं पेन. ते ऑनलाइन मागवून घरी वापरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये या पेनांविरुद्ध उघड इशारा दिला. तिथंच 2024 मध्ये बनावट बोटॉक्समुळे लोक आजारी पडल्याचं उघडकीला आलं. आणि न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये रक्त काढून, ते सुयांनी चेहऱ्यात भरण्याचा जो प्रकार करतात, त्यातून काही बायकांना एचआयव्हीची लागण झाली. चेहऱ्यावर ग्लो आणायला गेलेल्या बायका. आपल्याकडे असं काही होत नाही असं समजायला आमच्याकडे काहीही आधार नाही.

तेव्हा सुई लागणार असेल तर टोचणाऱ्याचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. औषधाची बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, बॅच क्रमांकाचा फोटो काढा. बोटॉक्सच्या भावाची तुलना करताना किती युनिट ते विचारा, आणि कोणत्या ब्रँडची तेही, कारण एका ब्रँडचं युनिट म्हणजे दुसऱ्याचं युनिट नव्हे. नुसतं "कपाळाचं एवढं" म्हणाले तर त्यात औषध किती आणि सलाइन किती, हे देव जाणे.

बरं, आता वरचा थर, त्वचा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेची तक्रार गोऱ्या त्वचेपेक्षा वेगळी असते. युरोपातल्या बाईला पस्तिशीत बारीक सुरकुत्या पडतात. आपल्याला सुरकुत्या उशिरा, पण डाग लवकर, आणि रंग एकसारखा राहत नाही. आपल्या रंगद्रव्यात एक खोड आहे: त्वचेला जरा इजा झाली की ती जागा काळी पडते. डास चावला तरी महिनाभर डाग राहतो, हे आपण पाहतोच. म्हणून परदेशी व्हिडिओत बघून जोरदार लेझर किंवा खोल पील करून घेतलं, तर सुरकुती जाते आणि तिच्या जागी काळा पट्टा येतो. लेझर हा एक उपचारच नव्हे, ते कुटुंब आहे. केस काढायचं वेगळं, गोंदण काढायचं वेगळं, त्वचा नवी करायचं वेगळं. वांगावर तर लेझर फार जपून. सुरुवातीला फिकं दिसतं, मग दुप्पट उसळतं, कधी मध्ये पांढरे ठिपकेही राहतात.

त्वचेसाठी आमच्या मते सर्वांत कमी लेखलेली दोन औषधं आहेत आणि दोन्ही ट्यूबमध्ये मिळतात. पहिलं सनस्क्रीन. 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. 28 वर्षं ट्रक चालवला. चेहऱ्याची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी बरीच तरुण. तिकडे खिडकी डावीकडे. काच काही किरणं अडवते, पण त्वचा म्हातारी करणारी अल्ट्राव्हायोलेट ए किरणं आत येऊ देते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून आपल्या चालकांनी उजव्या गालाकडे बघावं. ऑस्ट्रेलियात नऊशे माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, निष्कर्ष 2013 मध्ये आले: रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली. ती माणसं बहुतेक गोरी होती, हे लक्षात ठेवा. पण वांगाला ऊन चेतवतं हे आपल्या त्वचेतही तितकंच खरं. किंबहुना साधा दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो, म्हणून वांग असलेल्यांनी रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्यावं. तर्जनी आणि मधलं बोट भरून, चेहरा आणि मानेला. आणि हो, स्कूटरवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळणाऱ्या पुण्याच्या मुलींना कितीही हसा, त्वचेच्या दृष्टीने त्या आपल्या सगळ्यांपेक्षा हुशार आहेत. (हशा)

दुसरं ट्रेटिनॉइन. मूळचं मुरुमांचं औषध. मुरुमांसाठी ते लावणाऱ्यांची त्वचा गुळगुळीत होतेय हे अल्बर्ट क्लिगमन यांनी पाहिलं आणि 1986 मध्ये उन्हाने रापलेल्या त्वचेवर त्याचा परिणाम दाखवून दिला. रात्री, वाटाण्याएवढं, आधी आठवड्यातून दोनदाच. पहिले काही आठवडे त्वचा सोलते, झोंबते, आणि बहुतेक लोक तिथंच सोडून देतात. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणी लावायचं नाही. शेजारणीची ट्यूब उचलून लावू नका. बाजारात वांगाच्या नावाखाली स्टिरॉइड मिसळलेली क्रीम्स मिळतात. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, वर्षभराने त्वचा पातळ, लाल आणि केसाळ होऊन आमच्याकडे येते.

राहिलं लोंबणं. जबड्याखाली पिशव्या, गळ्याची सैल कातडी. यासाठी अल्ट्रासाउंडची उष्णता देणारी यंत्रं, रेडिओफ्रिक्वेन्सी, विरघळणारे धागे असं पुष्कळ विकलं जातं. थोडं लोंबत असेल तर थोडा फरक पडतो, तोही दोन-तीन महिन्यांनी. चेहरा मुळात कृश असेल तर उष्णतेने उरलीसुरली चरबी वितळून अधिकच ओढल्यासारखा दिसू शकतो. गळ्याची कातडी खरोखर ढिली झाली असेल तर सुई किंवा यंत्र तिला पुरं पडत नाही. तिथं शस्त्रक्रिया किंवा आहे तसं राहू देणं, असे दोनच प्रामाणिक पर्याय.

एक चिठ्ठी आली आहे: "एकदा सुरू केलं की थांबवता येत नाही, चेहरा आणखी वाईट होतो, हे खरं का?" नाही. बोटॉक्स थांबवलं की चेहरा त्या वयात जसा असायला हवा तिथं हळूहळू परत येतो. फिलरही बहुतांश विरघळतं. वाईट वाटतं ते यासाठी की मधल्या काळात आपण आपला मूळ चेहरा विसरलेलो असतो. सुरू करण्याआधी चांगल्या उजेडात एक फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या चिठ्ठीत विचारलंय, त्या ताईंचं काय केलं? लग्न तीन आठवड्यांवर असताना आम्ही सुई हातातही घेतली नाही. चेहऱ्यावर नवा कोणताही प्रयोग करायचा तर निदान दोन-तीन महिने हाताशी हवेत, म्हणजे सूज, काळा-निळा डाग, काही बिनसलंच तर ते निस्तरायला वेळ राहतो. त्यांना छटेचं सनस्क्रीन दिलं, लग्नापर्यंत उन्हात स्कार्फ बांधायला सांगितलं, आणि डाग झाकायला मेकअपवालीकडे पाठवलं. लग्नानंतर रात्रीची क्रीम सुरू केली. आठ महिन्यांनी वांग बरंच फिकं झालं होतं. तेव्हा त्यांनी घडीचं पुन्हा विचारलं, आम्ही गालात थोडंसं फिलर भरलं. त्याआधी त्यांनी आम्हाला हायल्युरोनिडेजचा प्रश्न विचारला. आम्ही कपाट उघडून बाटली दाखवली.