पत्राखालचे नाव

सुक्कोथच्या आठवड्यात आमच्या टपालपेटीत दोन पत्रे आली. दोन्ही मराठीत, दोन्ही हाताने लिहिलेली. हल्ली असे पत्र दुर्मीळ, म्हणून आम्ही ती मोठ्या कौतुकाने उघडली.

पहिले पत्र एका मातेचे होते. त्यांच्या कन्येचा विवाह ठरला असून, ज्या सिनेगॉगमध्ये तो व्हावयाचा तेथील मंडळींनी त्यांच्याकडे यहुदी असल्याचा पुरावा मागितला. आईवडिलांचा केथुबा, मुंबईच्या सिनेगॉगचा दाखला, आजीच्या कबरीचे छायाचित्र असे काय काय गोळा करावे लागले, याची हकिकत त्यांनी चार पानांत लिहिली होती. कोठेही आदळआपट नाही. पण वाचताना घसा दाटून येत होता. शेवटी सही, पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्याखाली एक ओळ: कृपया माझे नाव छापू नये.

दुसरे पत्र अर्ध्या पानाचे. खाली सहीच्या जागी ‘समाजाचा एक हितचिंतक’. त्यात आपल्यातील एका कुटुंबाच्या कुळाविषयी, त्यांच्या पणजीविषयी, शंका उपस्थित केली होती. कुटुंबाचे नाव लिहिलेले नव्हते; परंतु गावाचे नाव असे योजले होते की ज्यास गाव कळेल त्यास घरही कळावे. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल हा भेद आपण कोकणात, निदान मुंबईच्या धक्क्यावर तरी, सोडून आलो अशी आमची समजूत होती.

म्हणजे नाव नको, अशी दोघांचीही इच्छा. एकास आम्ही मान द्यावा आणि दुसऱ्यास देऊ नये, हे कोणत्या न्यायाने? असा प्रश्न वाचक विचारतील, आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे. कारण या बाबतीत आमचे हात स्वच्छ नाहीत.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही ‘एक सभासद’ अशा सहीचे छोटेसे पत्र छापले होते. एका समारंभाच्या वर्गणीचा हिशेब लागत नाही, एवढाच त्याचा आशय. कोणाचेही नाव नव्हते, म्हणून त्यात काही वावगे आहे असे आम्हांस वाटले नाही. पण गबाई एकच होते! पुढे पावतीपुस्तक दुसऱ्या एका गृहस्थांच्या घरी सापडले, हिशेब पै न पै जुळला, आणि आम्ही दोन अंकांनंतर बारीक टाइपात खुलासा छापला. जे गृहस्थ वर्षानुवर्षे मालिद्याचे पोहे, गूळ आणि नारळ आपल्या मोटारीतून आणीत, ते त्यानंतर मालिद्याला आले नाहीत. त्यांच्या निधनाची वार्ताही आम्हांस तिऱ्हाइताकडून कळली. तो ‘एक सभासद’ कोण होता, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही. आम्ही त्या वेळी विचारलेच नव्हते.

आपल्यापूर्वी या देशात आलेल्या यहुदी लोकांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट ब्रॉडवेवर, सीवर्ड पार्कसमोर, १९१२ साली उभारलेली एक दहा मजली इमारत आहे. ती पूर्वी ‘फोरवर्ट्स’ या यिद्दिश वृत्तपत्राची होती. १८९७ साली निघालेल्या या पत्राचा खप त्याच्या भरभराटीच्या काळात दोन लाखांवर गेला होता. रशिया-पोलंडमधून आलेले शिवणकामगार, फेरीवाले, कारखान्यातील मुली हे त्याचे वाचक. अब्राहम काहान या संपादकांनी जानेवारी १९०६ मध्ये त्यात ‘बिंटेल ब्रीफ’, म्हणजे पत्रांचे गाठोडे, या नावाचे सदर सुरू केले. लोकांनी आपली अडचण लिहून पाठवावी आणि संपादकांनी उत्तर द्यावे, अशी त्याची रीत.

आरंभीच्या पत्रांतच एका गरीब बाईचे पत्र होते. तिचे घड्याळ चोरीस गेले होते आणि ते शेजारणीनेच गहाण ठेवले असावे असा तिचा संशय होता. तिने शेजारणीचे नाव लिहिले नाही. गरिबीने तुला हे करावयास लावले, गहाणाची पावती टपालाने पाठवून दे, मी एक शब्द बोलणार नाही, असा तिचा निरोप होता. आम्हांस हे पत्र फार आवडते. आरोप आहे, पण ज्याच्यावर तो आहे त्याला परत फिरण्याची वाट ठेवलेली आहे.

या सदरात नावे छापली जात नसत. बायको देशी ठेवून येथे दुसरी मांडणारा, शब्बाथला कामावर जावे लागते म्हणून झुरणारा, ख्रिस्ती मुलीवर प्रेम बसलेला, असे सारे तेथे बिननावाने बोलत. परंतु पत्र संपादकांच्या हाताखालून जाई. भाषा दुरुस्त होई, पाल्हाळ कापला जाई; पुष्कळांना लिहिताही येत नसे, ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. आणि उत्तर संपादक देत, तेही अनेकदा सडेतोड. म्हणजे लिहिणाऱ्याचे नाव झाकलेले असले तरी त्या मजकुरामागे उभा राहणारा एक माणूस होता आणि त्याचे नाव अंकावर छापलेले होते.

गंमत अशी की त्याच वृत्तपत्रात याच्या अगदी उलट असेही एक सदर चाले. बायकामुले टाकून नाहीशा झालेल्या नवऱ्यांची छायाचित्रे नावानिशी, गावानिशी छापली जात. आमच्यासारख्या भिडस्त संपादकाच्या अंगावर काटा येईल असा हा प्रकार. परंतु ही छायाचित्रे कोणा ‘हितचिंतकाने’ पाकिटातून पाठविलेली नसत. अशा नवऱ्यांचा शोध घेण्यासाठी १९११ साली ‘नॅशनल डिझर्शन ब्यूरो’ ही संस्था स्थापन झाली होती. टाकलेली बायको तेथे जाऊन स्वतःच्या नावाने तक्रार नोंदवी, चौकशी होई, आणि मग छायाचित्र छापावयास येई. दुःख सांगणाऱ्याचे नाव झाकावे, पण दोष देणाऱ्याने आपले नाव कोठेतरी लिहून ठेवावे, असा भेद त्या लोकांनी केलेला दिसतो.

आपल्या मराठी मुलखातही या गोष्टीची किंमत मोजली गेली आहे. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या विरुद्ध म्हणून काही पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे लेखन झाले. ती पत्रे न्यायालयात बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी दर्शविली, तरीही १८८२ साली आगरकर आणि टिळक यांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. दोघांचाही हेतू शुद्ध होता यात शंका नाही. पण कागद कोणाच्या हातून आला आणि खरा आहे काय, हे पाहण्याचे काम छापणाऱ्याचेच असते. निनावी पत्र हाती आले की आम्हांस डोंगरी आठवते.

टोपणनावाने लिहू नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने शंभरावर पत्रे प्रसिद्ध झाली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. पण ते नाव त्यांनी एका पत्रापुरते घेतले आणि टाकले असे नाही. त्याच नावाने टीका केली, त्याच नावाने टीका सोसली, आणि पुढे लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. आपल्याकडे तरी काय, १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे शमुवेल येहेज्केल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणूनही प्रसिद्ध होते. दोन नावे, पण माणूस एकच आणि सर्वांना ठाऊक असलेला.

आपल्या नावांचे हे एक वैशिष्ट्यच आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर असे कोणी म्हटले की अर्धा कुलवृत्तांत सांगून झाला. फोरवर्ट्सच्या लाखो वाचकांत ‘दुःखी माता’ या सहीमागे कोणीही लपू शकत असे. आपल्यात? न्यूयॉर्क, न्यू जर्सी मिळून आपण एवढे थोडे की ‘मुलीचे लग्न, अमुक राज्य, वडील रेल्वेत होते’ एवढे लिहिले तरी दूरध्वनी खणाणू लागतात. तेव्हा नाव गाळले म्हणजे झाकले गेले, हा भ्रम छोट्या समाजाने बाळगू नये.

आता तर टपालाचीही वाट पाहावी लागत नाही. प्रत्येकाच्या खिशातील फोनवर समाजाचे दोन-तीन तरी गट आहेत. सणांच्या वेळा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, बिर्ड्याची कृती, हे सारे त्यांतून क्षणात पोहोचते, आणि आम्ही स्वतः त्याचा लाभ घेतो. पण ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का असलेला मजकूर मूळ कोणाचा, हे पाठविणाराही सांगू शकत नाही. गटाचा ॲडमिन हा बहुधा कोणी हौशी तरुण असतो. कोणाचा मजकूर काढला तर रुसवा, ठेवला तर दुसऱ्याचा रुसवा. कोकणातील आपल्या मंडळीत मुकादम आणि चौगुला असत. तंटा त्यांच्यापुढे तोंडाने सांगावा लागे, आणि ज्याच्याविषयी सांगावयाचे तो समोर बसलेला असे. ॲडमिनला मुकादमाचे काम दिले, मान मात्र दिला नाही, असे आम्हांस वाटते.

कायद्याने या देशात एक निराळाच पेच घातला आहे. १९९६ सालच्या कायद्यातील कलम २३० प्रमाणे, इतरांनी लिहिलेला मजकूर पोहोचविणाऱ्या संगणक-कंपनीस त्या मजकुराचा प्रकाशक मानले जात नाही. छापील पत्रकास ही सवलत नाही. म्हणजे तेच अर्धे पान आमच्या पत्रिकेत आले तर आम्ही जबाबदार, आणि फोनवर फिरले तर लिहिणारा तेवढा जबाबदार. तो तर ‘हितचिंतक’!

कुळाविषयीची शंका आपल्या समाजाने सोसली नाही असे नाही. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बीनेटने आपल्या लोकांच्या विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले, तेव्हा साऱ्या समाजालाच तो डाग लागला. पण तो कागद सहीशिक्क्याचा होता. कोणाच्या दारी जावयाचे हे आपल्या माणसांना माहीत होते. त्यांनी निदर्शने केली, यरुशलेममध्ये ठाण मांडले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्रायल सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असा ठराव केला. त्यानंतर रब्बीनेटने आपल्या निर्देशांतून बेने इस्रायल हे नाव काढले. ‘हितचिंतका’विरुद्ध ठाण मांडावयाचे ते कोणाच्या दारी?

दुसरे पत्र आम्ही छापलेले नाही आणि छापणार नाही. त्यातील कुटुंबास ते दाखवावे की नाही, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. अखेर दाखविले नाही. हे बरोबर केले की नाही, याविषयी आमच्यातील एकजण अजून साशंक आहेत.

पहिले पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आम्ही दूरध्वनी केला. नाव छापणार नाही, पण मजकुरातील राज्य, वडिलांची नोकरी आणि लग्नाचा महिना गाळावा लागेल, नाहीतर नाव झाकून उपयोग नाही, असे सांगितले. त्यांनी कन्येशी बोलून कळविते म्हटले. दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. काही गाळू नका, नावही घाला, म्हणाल्या. आम्ही कारण विचारले.

“अहो, पत्र बिननावाचं आलं तर आमच्या आडनावाच्या आणखी तीन घरांत मुली लग्नाच्या आहेत. लोक त्यांच्याकडे बघायला लागतील. त्यापेक्षा माझंच नाव असू द्या. आणि आडनाव नीट लिहा हं, मागच्या वेळी तुम्ही चुकवलं होतं.”

त्यांचे पत्र पुढील पानावर दिले आहे. आडनाव आम्ही दोनदा तपासले आहे.