द्राक्षरसाची टाकी आणि कामगार

लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून मावळात भात पिकतो, द्राक्ष नव्हे. द्राक्षासाठी नारायणगावकडच्या कोरड्या हवेत जावे लागते. डिसेंबरात लोणावळ्याहून आम्ही मित्रमंडळी तिकडच्या एका लहान वाइन कारखान्यात गेलो. घड अजून भरत होते, तोडणी फेब्रुवारी-मार्चची. टाक्या शांत होत्या.

हंगामात मात्र त्या फसफसतात. किण्व, म्हणजे यीस्ट, रसातल्या साखरेचे मद्यार्क करते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. तो हवेच्या दीडपट जड, बिनरंगी, आणि तळाशी साचणारा. टाकी धुण्यास आत उतरलेला कामगार दोन-चार श्वासांत कोसळू शकतो. त्याला काढायला धावलेला सोबतीही. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. दिवा जळत असतानाही हा वायू माणसाला बाधतो.

म्हणून आधी पंख्याने ताजी हवा, मग यंत्राने तपासणी, अंगाला दोर आणि दोर धरणारा माणूस बाहेर. १९४८ च्या कारखाने कायद्याचे ३६ वे कलम अशाच खबरदारीचे होते. परंतु अगदी थोडे कामगार असलेल्या ठिकाणी तो कायदा पोचत नसे. कायदा पोचत नाही तेथेही वायू असतोच. तेथे राखण संघटनेने करायची असते.