मॅन्युअलमध्ये नाव नाही, वापरात मात्र हिट!

डेटाबेस बनवणाऱ्या कंपन्या काही फंक्शन्स स्वतःच्या सोयीसाठी लिहितात आणि मॅन्युअलमध्ये त्यांचा उल्लेखही करत नाहीत. प्रोग्रामर मंडळी ती बरोबर हुडकून काढतात. मग वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं, ते आवृत्ती बदलेपर्यंत! अपग्रेडआधी त्यांची कसून चाचणी का घ्यायची, ते या पाच नमुन्यांतून बघा.

१. आज आहे, उद्या नाही
ऑरॅकलचं 'डब्ल्यूएम_कॉन्कॅट' अनेक ओळींतली नावं एका ओळीत आणायचं : 'आशा,गणेश,मीना'. २०१३ मध्ये १२सी आवृत्ती आली आणि हे फंक्शन काढून टाकलं गेलं. ज्यांच्या कोडमध्ये ते राहिलं, त्यांच्या पडद्यावर एरर झळकली : ओआरए-००९०४, इनव्हॅलिड आयडेंटिफायर.

२. नाव तेच, माल वेगळा
जाण्याआधीच त्याने रूप पालटलं होतं. ११.२.०.२ पासून त्याचं उत्तर व्हारकॅरऐवजी सीलॉब प्रकारात येऊ लागलं. साधी क्वेरी चालायची, पण त्या उत्तरावर 'ग्रुप बाय' लावलं की अडायची. म्हणून उत्तरासोबत त्याचा डेटाटाइपही तपासा.

३. वारसदाराच्या अटी
अधिकृत 'लिस्टॲग' ११जी रिलीज २ मध्येच दाखल झालं होतं. त्यात क्रम ठरवता येतो, स्वल्पविरामाऐवजी दुसरं चिन्हही देता येतं. पण एकसारखी नावं गाळणारं 'डिस्टिंक्ट' जुन्याला जमायचं, नव्याला थेट १९सी मध्ये जमलं! शिवाय नेहमीच्या सेटिंगमध्ये मर्यादा ४,००० बाइटची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट खातं. म्हणजे १,३३३ चिन्हांतच हद्द संपते. इंग्रजी नावांवर पास झालेला कोड मराठी नावांवर नापास होतो, तो असा.

४. उलटापालट
ऑरॅकलचं 'रिव्हर्स' फंक्शन 'एबीसी' या रोमन अक्षरांचं झटक्यात 'सीबीए' करतं. पण ते अक्षरं उलटवत नाही, बाइट उलटवतं. यूटीएफ-८ मध्ये 'मराठी' हा शब्द १५ बाइटचा. ते उलटे झाले की एकही अक्षर शाबूत राहत नाही.

५. गुपचूप गाळणारा
एसक्यूएल सर्व्हरमधली 'एसपी_एमएसफॉरईचडीबी' ही प्रोसीजर एकच आज्ञा सगळ्या डेटाबेसवर चालवते. आज्ञेत प्रश्नचिन्ह लिहायचं, त्या जागी डेटाबेसचं नाव आपोआप बसतं. मात्र कधीकधी ती एखादा डेटाबेस गाळते आणि एररही देत नाही. काम झालेल्यांची यादी 'सिस.डेटाबेसेस'शी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

अपग्रेडआधी एवढं कराच
रिकामी किंमत, दुबार नावं, मराठी मजकूर आणि ४,००० बाइटच्या वरचा डेटा असा एकच संच जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांवर चालवा. ही फंक्शन्स डेटाबेसमधल्या प्रोसीजरमध्ये तर शोधाच, पण जावा किंवा रिपोर्टच्या कोडमध्ये लिहिलेल्या क्वेरीही धुंडाळा. जिथे सापडतील तिथे अधिकृत पर्याय बसवा आणि तोच संच पुन्हा चालवा.