स्वजनांचा अंत्यविधी आणि उपासकाचे कर्तव्य

भिक्खू किंवा बौद्धाचार्य वेळेवर उपलब्ध नसल्यास अंत्यविधी कोणी घ्यावा, हा प्रश्न अनेक घरांत ऐन दुःखाच्या वेळी उभा राहतो. घरातील जाणत्या व्यक्तीस 'तुम्हीच विधी घ्या' असे म्हटले की ती गांगरते. आपल्याच आईच्या पार्थिवासमोर गाथा म्हणताना कंठ दाटून येईल, ही तिची भीती असते.

बौद्ध धम्मात मध्यस्थ पुरोहिताला स्थान नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची, तसेच ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून न घेण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून मुलगा, मुलगी, पत्नी वा सून, जी व्यक्ती श्रद्धेने व समजून विधी घेऊ शकते, तिने तो घ्यावा.

पार्थिवाजवळ तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा ठेवून मेणबत्ती प्रज्वलित करावी, पुष्पे अर्पण करावीत. जमलेल्यांकडून त्रिसरण व पंचशील वदवून घ्यावे. त्यानंतर अनित्यतेची गाथा पालीत म्हणून तिचा अर्थ मराठीत सांगावा. अर्थ न उमगता केलेले पठण शोकाकुल मनापर्यंत पोहोचत नाही. दिवंगताच्या कष्टांचा व गुणांचा मोजक्या शब्दांत उल्लेख करावा. खोटी स्तुती टाळावी. शेवटी सर्वांनी स्तब्ध उभे राहून आदरांजली वाहावी. पुढे पुण्यानुमोदनाच्या दिवशी कावळ्याला घास ठेवण्याऐवजी एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणास दान द्यावे.

अश्रूंविषयीची भीती मात्र अनाठायी आहे. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांचा अंतकाळ जवळ आल्याचे पाहून आनंद विहारात जाऊन दाराच्या चौकटीला टेकून रडू लागला. भगवंतांनी त्याला बोलावून घेतले, प्रिय गोष्टींपासून वियोग अटळ असल्याचे समजावले आणि त्याने दीर्घकाळ काया, वाचा व मनाने केलेल्या मैत्रीपूर्ण सेवेचा गौरव केला. रडला म्हणून त्याला कमी लेखले नाही.

तेव्हा विधी घेताना आवाज थांबला, तर क्षणभर थांबावे. त्रिसरण सर्वांना मुखोद्गत असते. ते जमलेले उपासक पुढे म्हणतील. आईने लहानपणी हात जोडून जे वंदन शिकविले, तेच तिच्या अखेरच्या निरोपाच्या वेळी म्हणणे, ही तिची शेवटची सेवा होय.