दावा फेटाळला, पण मुद्दा हरला नाही

पेरूच्या आंदीज पर्वतात, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर पाल्काकोचा नावाचा तलाव आहे. १९४१ साली तो फुटला आणि खालच्या हुआराझ शहरातली हजारो माणसं लोंढ्यात गेली. तेव्हा तलावात जेमतेम पाच लाख घनमीटर पाणी उरलं होतं. वरची हिमनदी वितळत गेली, तसं २००९ पर्यंत ते सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर झालं. आता पाणी उतरवायला तिथे पाइप टाकले आहेत आणि काठावरचे राखणदार वायरलेसवरून शहराला खबर देत राहतात.

याच हुआराझच्या साउल लुसियानो यिउया या शेतकऱ्याने २०१५ मध्ये 'आरडब्ल्यूई' या जर्मन वीज कंपनीवर दावा लावला: हिमनदी वितळवणाऱ्या हवामानबदलात कंपनीचा वाटा आहे, तर तलावाच्या संरक्षक कामाच्या खर्चातही तिने तो उचलावा. २८ मे २०२५ रोजी जर्मनीतल्या हाम इथल्या न्यायालयाने तो दावा फेटाळला. त्यावर ऐकू येणारे आक्षेप एकेक करून पाहू.

"शेतकरी हरला, म्हणजे विषय संपला."
नाही. दावा फेटाळला गेला तो एका कारणासाठी: पुढच्या ३० वर्षांत पूर त्याच्या घरापर्यंत येण्याची शक्यता तज्ज्ञांच्या मते जेमतेम १ टक्का होती. पण मोठ्या उत्सर्जकांना हवामानबदलाच्या हानीसाठी जर्मन दिवाणी कायद्याखाली जबाबदार धरता येतं, हे त्याच निकालात न्यायालयाने मान्य केलं. कंपनी हजारो किलोमीटर दूर आहे, एवढ्यावरून तिला सुटता येत नाही, असंही म्हटलं. माझ्या मते या निकालातली खरी बातमी हीच, आणि मथळ्यांत नेमकी तीच हरवली.

"धूर सगळ्यांचाच, कोणाचा किती हे कसं सांगणार?"
सांगता येतं. कोणत्या कंपनीने किती कोळसा, तेल, वायू काढला याचे जुने हिशेब रिचर्ड हीडी या संशोधकाने लावले. १७५१ ते २०१० या काळातल्या औद्योगिक उत्सर्जनापैकी जवळजवळ ६३ टक्के अवघ्या ९० उत्पादकांकडे जातं. त्या यादीत आपली कोल इंडियाही आहे. आरडब्ल्यूईचा वाटा निघाला सुमारे ०.४७ टक्के, आणि यिउयाने मागितला तलावाच्या संरक्षक कामाचा तेवढाच हिस्सा, साधारण १७ हजार युरो. सगळ्या जगाचं ओझं एका कंपनीच्या माथी मारायचं त्याच्या मनातही नव्हतं.

"कंपनीकडे परवाने होते."
होते. पण कायदेशीर कामातूनही दुसऱ्याच्या मालमत्तेला धोका निर्माण झाला तर उत्तर द्यावं लागतं, हे याच न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं होतं.

"वीज, पेट्रोल वापरतो ते आपणच ना?"
वापरतो. पण धोका आधी कोणाला ठाऊक होता? अमेरिकेतल्या एक्सॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाअखेरीपासून बांधलेले तापमानवाढीचे अंदाज बहुतांशी अचूक होते, असं २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवलं. कंपनी मात्र बाहेर वर्षानुवर्षं संशयच पेरत राहिली. दिवा लावणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणून दोघांना एकाच तराजूत तोलणं मला अन्याय वाटतो.

हाम न्यायालयाने अपिलाची मुभा दिली नाही, त्यामुळे यिउयाचा खटला तिथेच थांबला. मात्र २०२५ मध्येच पाकिस्तानातल्या सिंधच्या शेतकऱ्यांनी २०२२ च्या महापुरात बुडालेल्या पिकांबद्दल दोन जर्मन कंपन्यांना नोटीस पाठवली. त्यातली एक पुन्हा आरडब्ल्यूईच आहे.