दंड भरण्याआधीचे दहा दिवस

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया. फुटबॉलच्या मोसमातला सोमवार. मी इथे विद्यार्थ्यांची वकील.

सकाळी ८:००
नाशिकहून एका आईचा फोन. तिकडे संध्याकाळचे साडेपाच. मुलगा १९ वर्षांचा. शनिवारी मॅचनंतर रस्त्यात बिअरच्या कॅनसकट पोलिसांना सापडला. "ताई, दंड भरून मोकळा होऊ द्या ना त्याला." मी त्यांना थांबवते. इथे दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. पैसे पोहोचले की सुनावणी नाही, साक्ष नाही; थेट दोषी म्हणून नोंद.

९:३०
मुलगा समोर बसलाय. सायटेशनवर, म्हणजे पोलिसांनी दिलेल्या दंडाच्या कागदावर, पेनसिल्व्हेनियाच्या फौजदारी कायद्याचं कलम ६३०८. वय २१ पूर्ण नसताना दारू पिणं, विकत घेणं, जवळ बाळगणं, हे सगळं त्यात येतं. पहिल्या खेपेला दंड ५०० डॉलरपर्यंत, पुढच्या खेपेला १००० पर्यंत. मी आधी तारीख बघते, कारण उत्तर द्यायला दहाच दिवस असतात. 'नॉट गिल्टी'वर खूण करून, सोबत अनामत रक्कम जोडून कागद आजच पाठवायचा.

"पोलिसांना काय सांगितलंस रे?"

"सगळंच, मॅडम. त्यांनी विचारलं म्हणून."

नाव आणि वय खरं सांगावं. खोटं नाव किंवा बनावट ओळखपत्र हा वेगळा गुन्हा होतो. पण किती प्यायलास, कुणी दिली, या प्रश्नांवर गप्प राहण्याचा हक्क अमेरिकेची राज्यघटनाच देते. बॅग उघडायला सांगितली तर "माझी संमती नाही" एवढं नम्रपणे म्हणावं. हुज्जत घालू नये, पळू नये.

११:००
मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजसमोर दुसऱ्या एका विद्यार्थिनीची सुनावणी. इथे ज्युरी नसते, तरी गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाचीच. मी पोलीस अधिकाऱ्याला विचारते: टेबलावर कप किती होते? हिचा कोणता? तिला पिताना पाहिलंत? तिन्हींची उत्तरं डळमळीत. मुलगी निर्दोष सुटते. निकाल विरुद्ध गेला असता, तर तीस दिवसांत बेलफाँटच्या काउंटी कोर्टात अपील करता आलं असतं आणि तिथे खटला पुन्हा पहिल्यापासून चालला असता.

दुपारी १:३०
मैत्रीण बेशुद्ध पडली म्हणून ९११ ला फोन करणारा एक मुलगा येतो. स्वतःही प्यायला होता, म्हणून घाबरलाय. त्याला कलम ६३०८.१ वाचून दाखवते. मदतीसाठी फोन केला, स्वतःचं नाव सांगितलं, मदत येईपर्यंत तिथेच थांबला, आणि पोलिसांना त्याच्या पिण्याचा पत्ता केवळ त्या फोनमुळे लागला, तर त्याच्यावर खटला भरता येत नाही. हे कलम प्रत्येक वसतिगृहाच्या दारावर लावलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

४:००
सकाळच्या मुलाची फाइल घेऊन इमिग्रेशन वकिलांशी बोलते. व्हिसाच्या अर्जात प्रश्न असतो: कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का, पुढे माफी मिळाली असली तरीही? २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या, म्हणजे सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदप्रणालीतल्या, नोंदी अचानक रद्द झाल्या. काहींच्या बाबतीत कारण फक्त एखादं किरकोळ प्रकरण होतं. खटले गुदरल्यावर एप्रिलअखेर सरकारने त्या पूर्ववत करायला घेतल्या. म्हणून परदेशी विद्यार्थ्याने कबुलीआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यायलाच हवा.

५:३०
एकीने नुकतीच एकविशी पूर्ण केली. जुना दंड चुकता आहे, त्यामुळे नोंद पुसून टाकण्याचा तिचा अर्ज तयार करते. नोकरीसाठी याचा मोठा उपयोग होतो. व्हिसाच्या प्रश्नाला मात्र खरं उत्तरच द्यावं लागतं.

६:३०
नाशिकला मेसेज पाठवते: 'नॉट गिल्टी'चा कागद गेला. मुलाला पाठीशी घालणं हा याचा अर्थ नव्हे. त्याची चूक झाली असेल तर त्याने किंमत मोजावी, पण ती पुरावा पाहून न्यायाधीशाने ठरवलेली असावी. मध्यरात्री भेदरून, फोनवरून कार्डाने दंड भरून टाकणाऱ्या मुलाला हा हक्क मिळतच नाही. आईवडिलांनी त्याला एवढंच सांगावं: पैसे भरू नकोस, आधी वकिलाला कागद दाखव.